अजून सहा फेऱ्या

५ फेब्रुवारी

ताई,

खुशालीचं नंतर. आधी उत्तर. सही करणार नाही.

हे तीन शब्द लिहायला मला नऊ दिवस लागले. तुझा विक्रीचा कागद सत्तावीस तारखेला आला, तेव्हापासून चार पत्रं लिहिली. पहिल्यात "बघू" असं होतं. दुसऱ्यात "नीट विचार करून कळवते". तिसऱ्यात, हसू नकोस, मी तुलाच विचारलं होतं की मी सही करू की नको! चौथं बरं जमलं होतं, पण त्याच्यावर चहा सांडला आणि माझ्या मनात आलं, बरं झालं, सुटले. मग माझाच मला असा संताप आला की हे पाचवं एका दमात लिहून टाकतेय.

फोन करणार नाही. फोनवर तू बोलतेस आणि मी "हो ताई" म्हणते, जन्मभर हेच चाललंय. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही.

तुझं म्हणणं मी तीनदा वाचलं. कारखाना बाबांनी दोघींच्या नावावर केला, गोदामवाल्याला ही जागा हवीये, तुझी सही झालीये, माझी राहिलीये आणि तो एकतीस मार्चपर्यंत थांबेल. इथवर ठीक. पण पुढे लिहितेस, "तुला हौदापाशी 'काढ' म्हणता येत नाही. ज्याला ते म्हणता येत नाही त्याने कापड रंगवायच्या भानगडीत पडू नये." वा! आणि त्याखाली पुन्हा तेच तुणतुणं: निळ्या गणवेशांची खेप मी नासवली, रंगाचं वजन करताना माझा हात चुकला, म्हणून तू कंटाळून लेकीकडे निघून गेलीस.

त्या खेपेबद्दल मी तेव्हा काही बोलले नाही. आत्ताही बोलणार नाही.

"काढ" म्हणता येत नाही, हे मात्र खरं. आधी बाबा म्हणायचे, मग एकोणीस वर्षं तू. खिडकीपाशी उंच स्टुलावर बसायचं, हातात नमुन्याचा तुकडा. समोर हौदातल्या गरम रंगातून कापडाचा लांबलचक दोर रहाटावर चढतोय, परत हौदात उतरतोय, फेरीमागून फेरी. त्याच्यावर नजर ठेवायची आणि नेमक्या वेळी एक शब्द बोलायचा. मी रहाटापाशी. "काढू?" "थांब." "काढू?" "थांब गं!" "आता?" "काढ." आपला एकोणीस वर्षांचा संवाद एवढाच. भाजी कुठली आणू, हेसुद्धा मी तुलाच विचारायचे. बाबांनी माझं नाव "बघू" ठेवलं ते काय उगाच? अख्खी गल्ली मला अजून बघूच म्हणते.

तर गोदामवाल्याला सांग, दुसरी जागा शोध म्हणावं. सोमवारी बंब पेटतोय. बंबवाल्या काकांना मी निरोप धाडलाय आणि ते "येतो" म्हणालेत. विचार बदलायच्या आत हे पत्र पेटीत टाकायला निघाले.

धाकटी

ता. क. तुझं पत्र वरचं अर्धं काळ्या पेनाने लिहिलंय आणि खालचं अर्धं निळ्या. शाई संपली का मध्येच? मला विकायची एवढी कसली घाई!

&nbsp;

१८ फेब्रुवारी

ताई,

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. "बंब काय कुणीही पेटवतं." बरोबर आहे. बंब पेटला, पाणी तापलं, आणि मग मी जी काही माती खाल्ली ती ऐक. दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐक.

कोपऱ्यावरच्या खानावळवाल्या बाईंचे हिरवे टेबलक्लॉथ होते. सोपं काम. नमुना हातात, उजेड चांगला, मी स्टुलावर. बाबांचं स्टूल! पाय जमिनीला टेकत नाहीत हे मला आजवर ठाऊकच नव्हतं. रहाट काका फिरवत होते. दहा फेऱ्या झाल्या आणि मी स्टुलावरून खाली उतरले. ओलं कापड नेहमी गडद दिसतं, सुकल्यावर फिकं पडतं, हे काय मला ठाऊक नाही? पण किती फिकं पडणार? मग मी तेच केलं, ज्याच्यासाठी तू माझ्या हातावर चापट मारायचीस. दोराच्या टोकाचा तुकडा कापला, पळत जाऊन इस्त्रीखाली सुकवला, पळत येऊन नमुन्याशी लावून पाहिला. फिका. थांबले. पुन्हा तुकडा, पुन्हा इस्त्री. अजून जरासा फिका. असे अकरा तुकडे, ताई! बारावा अगदी बरोबर आला. नमुन्यावर ठेवला तर शोधून सापडेना. मी आनंदाने ओरडले, "काढा!"

सगळे टेबलक्लॉथ बाटलीच्या काचेसारखे गडद निघाले.

मी मटकन पायरीवरच बसले. काकांनी चहा आणून दिला आणि म्हणाले, "धाकट्या बाई, रागावू नका. ती इस्त्री तुम्हाला मगाचं सांगते. हौदात आत्ताचं चाललेलं असतं."

तीस वर्षं मी इथे उभी आहे आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुकडा कापून, सुकवून, पाहून येईपर्यंत पाच मिनिटं जातात. तो खरं बोलतो, पण पाच मिनिटांपूर्वीचं. मला पक्की खात्री पटेपर्यंत कापड पुढे निघून गेलेलं असतं. तू इस्त्रीला हात का लावत नव्हतीस ते आत्ता कळलं. तू नुसती चापट मारलीस, कारण सांगितलं नाहीस. ते सांगायला काय धाड भरली होती?

पण खरी गंमत पुढेच आहे. दुपारी खानावळवाल्या बाई आल्या. माझ्या तोंडात "बघू, ताईला विचारून..." एवढं आलंच होतं. गिळलं. म्हटलं, "गडद झालेत. चूक माझी आहे. हे चालत असतील तर न्या, नसतील तर सोमवारी दुसरे देते." त्यांनी एक टेबलक्लॉथ उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाल्या, "गडदच बरे. डाग दिसणार नाहीत." आणि गेल्या! मी आयुष्यभर ज्याच्या भीतीने "बघू, बघू" करत राहिले, ते तीन-चार वाक्यांत आटोपलं. मी किती वेळ दाराकडे बघत उभी होते.

इस्त्री कपाटात बंद केलीये. किल्ली काकांच्या खिशात. मी मागितली तरी द्यायची नाही, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. काल मागितली. नाही दिली.

आता मी रोज सराव करते. दहा मोजायच्या आत ठरवायचं आणि ठरवलं की मागे फिरायचं नाही. परवा चपला घेतल्या, सातव्या आकड्याला. डावी चावते. बदलून आणणार नाही. लंगडत चालते, पण मान वर करून. गल्लीत कालच कुणीतरी "काय बघू, पाय मुरगळला का?" असं विचारलं. म्हटलं, "नाही, ठरवून घेतलेल्या चपला आहेत."

त्यानंतर तीन खेपा काढल्या. एक पिवळी, दोन लाल. पिवळी चांगली आली, पहिली लाल बेताची, दुसरी लाल अशी आली की काकांनी शिट्टी वाजवली. निळं अजून घेतलेलं नाही. मुद्दामच.

धाकटी

&nbsp;

१ मार्च

ताई,

आज निळं घेतलं. बस खाली आणि मग वाच.

नाटकघराचे व्यवस्थापक आले होते. तेच, बोलताना हातवारे करतात आणि मध्येच एक डोळा मिटतात ते. पडदा नवा करायचाय. बारा वर्षांपूर्वीचा तू काढलेला, तसाच हवा. दिवे कमी झाले की काळा वाटावा आणि दिवे लागले की निळा उठून दिसावा, तो. आत शिरल्या शिरल्या म्हणाले, "मोठ्या बाई कुठायत?"

"लेकीकडे. मी आहे."

"नाही म्हणजे, त्यांना विचारून तुम्ही कळवाल ना?"

"कळवलं," मी म्हटलं. "हो. चौदा तारखेला रंगवते."

त्यांचा एक डोळा मिटलेलाच राहिला. ते गेल्यावर काकांनी मला पंख्याखाली बसवलं.

आता मोठी गोष्ट सांगते. कापड त्यांचं आहे, मुद्दाम विणून घेतलेलं जाड सुती, सहा पट्टे. तसं कापड आता पुन्हा मिळायचं नाही, विणणारा कारखानाच बंद पडला. अठ्ठावीस तारखेला त्यांचा पहिला खेळ आहे. म्हणजे नासलं तर नासलं. "सोमवारी दुसरे देते" म्हणायची सोय नाही. सहाही पट्टे एकाला एक शिवून एकच दोर करायचा आणि एकदाच हौदात सोडायचा.

म्हणून मी ठरवलंय, आणि हे तुला विचारत नाही, लिहून देतेय. पडदा नासला तर तुझ्या कागदावर सही करते. त्याच दिवशी, एक शब्द न बोलता. तू म्हणत होतीस तेच खरं, असं समजून बाबांचं स्टूलसुद्धा गोदामवाल्याला देऊन टाकते. आणि पडदा नीट निघाला तर तुझा कागद माझ्या सहीविना परत येईल आणि यापुढे कारखाना विकायचं नाव काढायचं नाही. आहे कबूल? नसलं तरी मी हेच करणार आहे.

तू म्हणशील, एवढी अकड आली कुठून? मलाही माहीत नाही. चपलांतून आली असेल.

धाकटी

&nbsp;

९ मार्च

ताई,

येऊ नकोस.

"तुझ्या हट्टापायी आपलं नाव बुडायला नको, चौदाला मी येते, खिडकीपाशी बसते, 'काढ' मी म्हणेन, तू नुसता रहाट फिरव, आणि काम झालं की सही कर." किती सोपं करून टाकलंस! म्हणजे पडदा चांगला निघाला तर तो तुझ्यामुळे, आणि सही तरीही माझी. यात मी कुठे आहे? मी रहाटापाशी. "काढू? काढू?"

आणि वर ते पुन्हा लिहिलंसच. "मी सांगितल्यावर लगेच काढ म्हणजे झालं, तुझे हात जड आहेत." हो, जड आहेत. "हात आहेत की ओंडके" असं तू शेवटची दोन वर्षं सगळ्यांसमोर म्हणत होतीस. कापड काढायच्या वेळी दोराची गाठ सुटत नाही, रहाटाची खिट्टी अडकते, धांदरट कुठली, असं म्हणायचीस. मी ऐकून घेतलं. गाठी का सुटत नव्हत्या ते मला माहीत आहे आणि मी ते लिहिणार नाही. निदान आज नाही. आज लिहिलं तर रागाने लिहीन, आणि ते रागाने सांगायचं नाहीये.

एवढंच ऐक. पाहुणी म्हणून कधीही ये. चहा पी, काकांशी भांड, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेव. चौदा तारखेला मात्र खिडकीपाशी बसू नकोस. मी काही तुला घाबरून सांगत नाहीये. थोडी घाबरते, पण कारण ते नाही.

धाकटी

&nbsp;

१६ मार्च

ताई,

तू दार आपटून गेलीस, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. पडदा उत्तम निघाला. तुझा कागद सोबत आहे, माझ्या सहीविना.

आता पहिल्यापासून बोलू. या वेळी काही लपवणार नाही.

तू येणार हे मला माहीत होतं. येऊ नकोस म्हटल्यावर तू न येणं शक्य आहे का? पण सकाळी दार उघडलं आणि तू आत आलीस, शाल खुंटीला अडकवलीस आणि सरळ जाऊन बाबांच्या स्टुलावर बसलीस, तेव्हा पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं! आली बाई, आता मला ठरवायला नको. क्षणभरच, पण वाटलं. मी मुकाट्याने रहाटापाशी जाऊन उभी राहिले. पाय आपोआप तिकडे गेले. काका माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांची नजर चुकवत होते.

दोर हौदात गेला. पाच फेऱ्या, दहा, पंधरा. तू नमुना डोळ्यांजवळ धरलास, मग लांब धरलास, मग पुन्हा जवळ. सतराव्या फेरीला तू म्हणालीस, "काढ."

आणि मी दोराची गाठ चाचपायला लागले.

ताई, तेव्हाच मला स्वतःची शिसारी आली. पुन्हा तेच नाटक! गाठ अडकल्याचं नाटक, हात जड असल्याचं नाटक, आणि तुझं "ओंडके" ऐकून घ्यायचं. म्हणून गाठीवरचा हात काढून घेतला आणि म्हटलं, "नाही."

तू म्हणालीस, "काय नाही?"

"अजून सहा फेऱ्या."

काकांचा हात वाफेच्या चावीवर तसाच थांबला. तू एवढ्या मोठ्याने "नासवतेस तू!" म्हणून ओरडलीस की बाहेर फाटकापाशी उभे असलेले व्यवस्थापक आत डोकावले. मी तुझ्याकडे बघितलंच नाही, बघितलं असतं तर संपलं होतं. मी दोराकडे बघत मोठ्याने मोजत राहिले. एक. दोन. तिसऱ्या फेरीला तू उठलीस. चौथीला खुंटीवरची शाल ओढलीस. पाचवीला दार आपटलं. सहावीला मी "काढ" म्हटलं. आवाज असा चिरका निघाला की काकांनी विचारलं, "नक्की?" म्हटलं, "एकदा म्हटलं ना!"

काल पडदा सुकला. व्यवस्थापकांनी जुन्या पडद्याचा तुकडा त्याच्यावर ठेवला, खिडकीत नेला, उन्हात नेला, सावलीत नेला. दोन्ही डोळे उघडे ठेवून म्हणाले, "हाच." मग त्यांनी टाळी मागितली आणि माझा हात निळा होता म्हणून त्यांचाही झाला.

आता ते, जे मी दोन वर्षं सांगितलं नाही.

तुझ्या डोळ्यांना निळं नीट दिसत नाही, ताई. लाल दिसतं, पिवळं दिसतं. निळं तुला काळपट दिसतं, म्हणून पुरेसा गडद व्हायच्या आतच तू "काढ" म्हणतेस. मला पहिल्यांदा कळलं ते पावणेदोन-दोन वर्षांपूर्वी, शाळेच्या निळ्या कापडाच्या वेळी, गणवेशांच्या खेपेच्या कितीतरी आधी. तू "काढ" म्हणालीस आणि माझ्या डोळ्यांना सरळ दिसत होतं की अजून एक फेरी हवी. तुला सांगायची माझी काय टाप! मी गाठ अडकल्यासारखं केलं, एक फेरी जाऊ दिली. कापड नमुन्यासारखं निघालं आणि तू खूश झालीस. मग एकाच्या दोन झाल्या. दोनाच्या चार. शेवटी शेवटी पाच फेऱ्या व्हायच्या, आणि तेवढा वेळ काढायचा म्हणजे मला खिट्टी पाडावी लागे, हातमोजा शोधावा लागे, खोकला आणावा लागे. त्या दोन वर्षांतलं निळं सगळं मी काढलंय, ताई. तू म्हणायचीस आणि मी ठरवायचे. आणि मीच बघू!

गणवेशांच्या दिवशी काय झालं तेही ऐक. सकाळीच तू खरेदीदारासमोर म्हणालीस, "हिला जन्मभर बोट धरून चालवावं लागणार." माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, घे, आज तुझ्या शब्दावर काढते, एक क्षण इकडचा तिकडे नाही. तू "काढ" म्हणालीस आणि मी त्याच फेरीला काढलं. फिकं निघणार हे मला दिसत होतं. रंगाचं वजन बरोबर होतं. मी तीनदा वजन करते, माझी खोड तुला माहीत आहे. खेप मी नासवली हे खरंच आहे. फक्त कशी, ते तुला माहीत नव्हतं. तू माझ्या वजनाला दोष दिलास आणि मी तो मुकाट घेतला, कारण खरं सांगायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या, तुझे डोळे आणि माझा खुनशीपणा. एकही सांगायचं धैर्य झालं नाही.

आणि त्याहून वाईट म्हणजे ही दोन वर्षं. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर तू एव्हाना बरी झाली असतीस. मला वाटायचं, मी तुला सांभाळून घेतेय. कसलं सांभाळणं! "सांगू का नको, उद्या बघू" चाललं होतं नुसतं, आणि तुला दिवसेंदिवस कमी दिसत होतं. खानावळवाल्या बाईंचं जाऊ दे, चपलांचं जाऊ दे, उशीर करून मी खरं नुकसान केलं ते तुझं. त्याची माफी मागते. कारखान्याची मागत नाही.

तू आता हे वाचून लाल होणार. "माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, मी सुईत दोरा ओवते." ओवत असशील. म्हणून पैज लावते. ऊठ, आणि परवा इथून नेलेली शाल घेऊन खिडकीपाशी जा. तुझी शाल काळी आहे. तिचा रंग कुठला ते कागदावर लिही आणि मगच लेकीला विचार. तिने काल मला फोन केला होता, "आई दुसरंच काहीतरी पांघरून आलीये" म्हणून. मीच तिला सांगितलं की माझं पत्र येईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. ती शाल काळी निघाली तर तुझा कागद परत पाठव, सही करून मी स्वतः गोदामवाल्याच्या दारात नेऊन देते. हे ठरवायला मला नऊ दिवस लागलेले नाहीत. दहा मोजायच्या आत ठरवलंय. आणि देवाशपथ सांगते, मी हरले तर मला आनंदच होईल.

पण मी हरणार नाही. तुझी काळी शाल इथे खुंटीवर आहे.

म्हणून पुढचंही ठरवून टाकलंय. चोवीस तारखेला सकाळी साडेदहाला तुझ्या घराजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे तुझा नंबर लावलाय. त्यांना फोनवर सगळं सांगितलं, काळं-निळं, दोन पेनांचं पत्र, दिव्यांकडे बघताना तू कपाळावर हात धरतेस ते. त्या म्हणाल्या, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण मोतीबिंदू असावा आणि असला तर निघतो. लेक तुला घेऊन जाईल. मी तेवीसला संध्याकाळी येतेय, म्हणजे तू ऐनवेळी मोडता घालणार नाहीस. तुला विचारत नाही, सांगतेय.

नीट दिसायला लागलं की परत ये. खिडकीपाशी दोन स्टुलं मावतात, मी लावून बघितली. लाल-पिवळं तू काढ, माझी काही हरकत नाही. निळ्याला "काढ" मीच म्हणणार.

आणि माझी शाल जपून ठेव. ती आपल्याच हौदातली आहे. गेल्या थंडीत तू "काढ" म्हणालीस त्यानंतर पाच फेऱ्यांनी निघालेली. तुला खूप आवडायची ती, "एवढा छान काळा आपल्याकडे कधी आलाच नव्हता" असं म्हणाली होतीस. मी तेव्हा "हो ताई" म्हटलं होतं.

ती निळी आहे, ताई.

तुझी धाकटी